पाट कोणाचा, आणला कोणी

माझी नणंद डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा तिने घरी एक चित्र आणलं आणि मी त्या चित्राला घाबरले. मी तशी पुष्कळ गोष्टींना घाबरते. मीटरच्या पेटीला घाबरते, मोठ्याने बोलणाऱ्या माणसांना घाबरते, बाळ जरा जास्त झोपलं तर त्याच्या नाकापाशी बोट धरून बघते. पण कागद म्हटला की माझे हातच गार पडतात, कारण माझं शिक्षण आठवीपर्यंत. माहेर पेडण्याकडचं, मोपाच्या पठाराखालची वाडी. तेव्हा तिथे विमानतळ होणार होणार असं लोक नुसतं बोलायचे आणि आम्ही काजू वेचायचो. आठवीत मी नापास झाले. घरात कोणी मारलं नाही, कोणी रागावलंही नाही. बाबा एवढंच म्हणाले, "पुरे आता," आणि माझं दप्तर माळ्यावर गेलं. मी परत बसते, मला अजून एक वर्ष द्या, असं म्हणता येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

लग्न होऊन मये गावात आले ते गणपतींच्या घरात. माझ्या सासऱ्यांची चित्रशाळा आहे, म्हणजे घराला लागून मोठी पडवी, तिथे ते मातीचे गणपती करतात. सासऱ्यांना मी मामा म्हणते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. नवरा पाळी गावाला खाणीवर मशीन चालवतो, शिफ्ट असेल तसा येतो-जातो. त्यामुळे दिवसभर घरात मामा, नणंद, मी आणि माझं बाळ, जे तेव्हा नुकतंच भिंत धरून उभं राहायला लागलं होतं आणि मिळेल ती माती तोंडात घालायचं.

आमच्याकडे गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. ज्याच्या घरी चवथ त्याचा स्वतःचा पाट असतो, फणसाच्या लाकडाचा, आजोबा-पणजोबांच्या वेळचा. तो पाट चवथीच्या कितीतरी आधी चित्रशाळेत येतो, वर पान-सुपारी ठेवलेली. त्याच पाटावर त्या घराचा गणपती बसतो आणि चवथीला त्याच पाटावरून घरी जातो. मूर्ती किती उंच, पितांबर कुठल्या रंगाचं, हे कोणी येऊन सांगत नाही. पाट आला म्हणजे सगळं सांगून झालं. मामा पाट उलटा करून बघतात, एखादी चीर, एखादा जळका डाग, आणि म्हणतात, "तळ्याकडचे." संपलं. त्यांना पाटात घर दिसतं. मला फक्त पाट दिसतो. माझं काम तो धुवायचा, पुसायचा आणि भिंतीला लावून ठेवायचा.

आता नणंदेचं सांगते. ती हुशार, पण दुसऱ्या वर्षाला तिचे विषय राहिले आणि एक वर्ष घरी बसावं लागलं. त्या वर्षी मामा तिच्याशी नीट बोलले नाहीत. मग परत जायला लागली तेव्हा म्हणाले, "चेडवा, एक वर्स घातलंस. दुसरा घालूक मी देवचंय नाय." मामा एकदा बोलले की परत बोलत नाहीत, मातीसारखे सुकतात. आणि ह्या शेवटच्या वर्षाला एक प्रोजेक्ट असतो, एखाद्या खऱ्याखुऱ्या कामासाठी सॉफ्टवेअर बनवायचं. वर्गातल्या मुलांनी कोणी लायब्ररी घेतली, कोणी हॉस्पिटल. हिला कोणी दारात उभं करेना, म्हणून हिने आपलंच घर घेतलं, चित्रशाळा. कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं, चांगलं आहे, पण आधी चित्र काढ, ज्याचं काम आहे त्याने ते चित्र बघून बरोबर आहे म्हणून सही करू दे, सोमवारपर्यंत. सही नाही तर प्रोजेक्ट नाही, प्रोजेक्ट नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. म्हणजे परत एक वर्ष. म्हणजे मामांचं ते बोलणं.

चित्र तिने मला स्वयंपाकघरात दाखवलं. मी नारळ खवत होते, बाळ माझ्या पायावर बसलेलं.

"वयनी, घाबरू नको. ह्या चित्राक युज केस डायग्राम म्हणतत."

"ह्या माणसांक कोणी जेवूक घालीत नाय काय गो?" मी म्हटलं. कारण काठीची माणसं होती, वर एक गोल, खाली रेघा.

ती हसली. म्हणाली, हे ॲक्टर. नाटकातले नव्हेत. जो बाहेरून येतो आणि ह्या कामाकडून काहीतरी मागतो, तो ॲक्टर. मधे ही मोठी चौकट म्हणजे आपलं सॉफ्टवेअर. चौकटीच्या आत हे अंड्यासारखे गोल आहेत ती त्याची कामं. माणसापासून गोलापर्यंत रेघ म्हणजे ह्या माणसाला हे काम हवं. आत ते काम कसं होतं ते इथे काढायचंच नाही. कोण मागतो आणि काय मागतो, एवढंच.

"एवढाच?"

"एवढाच. पण हेच लोक चुकतत, आणि मग सगळा सॉफ्टवेअर चुकता."

मग तुटक रेघेचे बाण होते. ते मला भाताने समजावले तिने. भात करायचा तर तांदूळ धुवायचेच, हे इनक्लुड, धुतल्याशिवाय भात नाही. आणि पावणे आले तर वाढीव भात टाकायचा, हे एक्स्टेंड, कधी लागतं कधी नाही. मला इतकं पटकन कळलं की मीच घाबरले, म्हटलं काहीतरी चुकलं असणार, कागदावरचं मला कसं कळेल.

तिच्या चित्रात डावीकडे एक काठीचा माणूस, खाली लिहिलेलं "ग्राहक". उजवीकडे दुसरा, "मालक". चौकटीत गोल: नोंदणी करणे, मूर्ती निवडणे, नोंदणी रद्द करणे, मूर्ती नेणे. तिच्या मैत्रिणीने हॉटेलच्या खोल्यांचं चित्र काढलं होतं, त्याच्यावरून हिने काढलं. मला सगळं बरोबरच वाटलं. खरं सांगते, मला काही खटकलं नाही.

त्याच आठवड्यात पाट यायला लागले होते. पाळीच्या बाजूचे पाट दरवर्षी बसने येतात. तिथल्या बायका सकाळी बसच्या वाटेवर पाट घेऊन उभ्या राहतात, कंडक्टर ते मागच्या सीटवर रचतो आणि आमच्या दारात बस थांबवून उतरवतो. हा कंडक्टर घाटावरचा, कोल्हापूरकडचा, गोव्यात कामाला आलेला. हाक मारतो ती अख्ख्या वाड्याला ऐकू येते.

"वहिनीऽऽ, देवाचं पाट आल्यात, घ्या लवकर, माझं पॅसेंजर शिव्या द्यायला लागल्यात!"

मी बाळाला काखेत मारून धावले. नणंद पण धावली. तिने ठरवलं होतं की चित्राप्रमाणे करून बघायचं. ग्राहक आला, नोंदणी झाली. मग काय, तिने कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, मी भाताच्या शिताने त्या पाटांच्या मागे चिकटवल्या, आणि ज्याने पाट आणला त्याचं नाव तिने प्रत्येकीवर लिहिलं. सगळ्यांवर कंडक्टरचं. कारण आणून देणारा तोच. मला वाटलं, वा, किती नीट काम झालं.

संध्याकाळी मामा पाट बघायला बसले. एक उलटा केला. दुसरा उलटा केला. मग सगळे.

"ह्या कंडक्टराच्या घरात इतके गणपती खयसून इले?"

मी ओलं फडकं शोधायला लागले.

"त्याची चवथ कोल्हापुराक, त्याच्या आवशी-बापाशीकडे. हय तो भाड्याच्या खोलयेत रवता. आणि हो पाट कोणाचो, ठाऊक आसा? माझो बापूस करी ह्या घरचो गणपती. त्या घरच्या म्हातारेन ही चिट्ठी बघल्यान तर ती आपलो पाट उचलून घेवन जायत."

"बाबा, ट्रायल होती," नणंद म्हणाली.

"देवाच्या पाटावर ट्रायल?"

बस. ते उठून आत गेले. मी ओल्या फडक्याने चिठ्ठ्या काढल्या, शितं वाळून घट्ट बसली होती, नखांनी खरवडली. नणंद माझ्या बाजूला बसून खरवडत होती आणि म्हणत होती, वयनी, शनिवारी मॅडम स्वतः येणार आहेत घरी, बाबांना भेटायला. तू नुसती माझ्या बाजूने रहा.

शनिवारी मॅडम आल्या. मला वाटलेलं कोणीतरी उंच, चष्मा लावलेली, कडक. तशा काही नव्हत्या. बेळगावकडच्या, बुटक्या, पायाला चिखल लागलेला, छत्री उलटी झालेली. मी त्यांना सोप्यावर बसवलं, आमच्या दारापुढची ती दगडी बैठक, आणि काचेच्या कोपात चहा दिला. देता देता अर्धा बशीत सांडला. त्या म्हणाल्या, "बशीतला पण पिते हो मी," आणि प्यायल्या खरंच.

मामा हात न धुताच बाहेर आले. "बसा बाई," म्हणाले, आणि कागद घेतला. लांब धरला. जवळ धरला. पहिली गोष्ट ते बोलले ती ही:

"ह्या मनशाचे कोपर खय?"

मॅडम हसल्या. "कोपर काढत नाहीत त्याला, काका. सगळ्या जगात असाच काढतात."

"सगळ्या जगान कोपर नाय तर हात वाकतलो कसो?"

नणंदेने माझ्याकडे बघितलं. मी बाळाकडे बघितलं. मामा एकेक गोल वाचत गेले, बोट ठेवून, आणि तिसऱ्या गोलावर बोट थांबलं.

"नोंदणी रद्द करणे," त्यांनी मोठ्याने वाचलं. "म्हणजे काय? गणपती रद्द?"

"म्हणजे बाबा, कोणाला नको असला तर..."

"कोणाक नको असता?" आवाज चढला नाही त्यांचा, उलट खाली गेला, ते जास्त वाईट. "बाई, राग मानू नकात. चेडवाक हुशारी आसा. पण ह्या माझ्या चित्रशाळेचा चित्र नव्हे. ह्या कोणाच्या तरी हॉटेलाचा. मी सही करूचंय नाय." कागद सोप्यावर ठेवला, वर चहाचा कोप ठेवला उडू नये म्हणून, आणि आत गेले.

मॅडमनी कोपाखालचा कागद काढून परत बघितला. मग नणंदेला म्हणाल्या, "ते बरोबर बोलतायत. हे हॉटेलचंच आहे. पण सोमवारी मला सही लागणार. मी माझ्या मनाने पास करू शकत नाही, तुला माहिती आहे."

 नणंदेने खाली बघून पायाच्या अंगठ्याने चिखलाची एक रेघ काढली. आणि मला माझ्या बाबांचं ते "पुरे आता" इतकं स्पष्ट ऐकू आलं, की कोणी तरी मागे उभं राहून बोललं असं वाटलं.  मी काय करते आहे ते मला कळत नव्हतं, पण पाय चालत होते. बाळाला नणंदेच्या मांडीवर टाकलं आणि सरळ चित्रशाळेच्या उंबऱ्याशी जाऊन बसले. तिथे मातीचे उरलेले गोळे असतात, ओल्या गोणपाटाखाली. मी दोन-चार गोळे घेतले. आणि उंबऱ्याच्या बाहेर एक गोळा ठेवला. त्याच्यावर लहान गोळा. माणूस.

"मामा," मी म्हटलं.  परत म्हटलं, "मामा, हो कंडक्टर."

मामा आत मूर्तीची बैठक थापत होते. वळले नाहीत.

"मामा, हो कंडक्टर, हो उंबऱ्याभायर. आत तुमची चित्रशाळा. हो येता आणि काय मागता? मी सांगतंय, चुकलंय तर सांगा. हो गणपती मागणा नाय. हो म्हणता, पाट घ्या लवकर. म्हणजे हेका फक्त पाट द्यायचो आसा. बरोबर?"

ते वळले. माझ्याकडे नाही, गोळ्याकडे बघितलं. आणि त्यांना ते बघवेना. इतका वेडावाकडा गोळा! उठून आले, उकिडवे बसले, आणि हातात घेतला. बोटांनी दाबलं, ओढलं, खांद्यावरून एक पट्टा आला, पोट आलं, पोटावर तिकिटांची पिशवी आली, तोंड उघडं, ओरडणारं. आमच्या डोळ्यांसमोर कंडक्टर. नणंद बाळासकट जवळ आली. मॅडम पण सोप्यावरून उठल्या.

"हो पाट पोचयता," मामा म्हणाले. "आणि हेका एकच गजाल होई. पाट पोचलो, ह्या पाळीक जावन सांगूक मिळाक होया. नाय तर बायलो ह्येका बशीत चढूक देवच्यो नाय."

"म्हणजे पाट पोचल्याचा निरोप," मॅडम म्हणाल्या, "हा एक गोल. आणि हा ग्राहक नाही, आणणारा वेगळा. मग ज्यांचा पाट ती कोण?"

मामांनी दुसरा गोळा घेतला. पदर आला, वाकलेली पाठ आली, हात कमरेवर. "ही घरवाली. ही पाटवाली. ही नागपंचमेनंतर एक दिस येता, दारातसून बघून जाता. आत येणा नाय. ती काय मागता? ती मागता की तिच्या पाटार दुसऱ्याचो गणपती बसू नये. बस. मूर्ती निवडणा नाय ती. निवडूचा काय त्याच्यात, घरची मूर्ती ठरलेली."

नणंद बाळाला काखेत धरून दुसऱ्या हाताने लिहायला लागली. मूर्ती निवडणे खोडलं.

"आणि काका, ज्यांना ह्या वर्षी मोठी मूर्ती हवी?"

"नवस असलो तर. कधी तरी."

"एक्स्टेंड," मी म्हटलं.

म्हटलं आणि जीभ चावली. मॅडम माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. "बरोबर. नवस असला तरच. तुटक रेघ." माझी इतकी भीड चेपली की मी अजून एक मोठा गोळा घेतला, त्याला सोंड काढली आणि बाहेर ठेवला. म्हटलं, देवालाही ठेवूया, सगळं त्याच्यासाठीच चाललंय.

मॅडम म्हणाल्या, "हा काय मागतो?"

मी विचार केला. "मोदक?"

नणंद इतकी हसली की बाळ पण हसायला लागलं. मॅडम म्हणाल्या, मोदक सॉफ्टवेअर देणार नाही, ते तुम्ही देणार. हा इथे मागायला येत नाही, हा तर इथे घडवला जातो. मामांनी सोंडेचा गोळा उचलला आणि मोडून मातीत टाकला. म्हणाले, "ह्येची सोंड घोरपडीसारखी झाल्या. राहूंदे."

मग राहिलं ते रद्दचं. मॅडमनी विचारलं, पण असं विचारलं की मामांना राग येऊ नये. "काका, कोणाच्या घरात मयत झालं, सुतक आलं, तर त्या पाटाचं काय होतं?"

 मामांची बोटं एका गोळ्याला दाबत होती आणि त्याचा माणूस होत नव्हता.

"सुतकाची मनशां येणत नाय," ते म्हणाले. "त्यांचो निरोप येता. शेजारी येता, दारात उभो रवता, सांगता. मग तो पाट मी बाजूक ठेवतंय. मूर्ती असली तरी पडद्याआड ठेवतंय. दुसऱ्याक देणंय नाय. सुतक फिटला की चांगलो दिस बघून येतत. पाट थांबता. रद्द कधी होणा नाय."

"थांबवून ठेवणे," नणंद लिहिता लिहिता म्हणाली. रद्दवर तिने इतक्या जोराने काट मारली की कागद फाटला.

"आणि हा निरोप कोण घेतं?" मॅडम म्हणाल्या.

मामांनी हनुवटीने मला दाखवलं. "ही. ही येवच्या आधी माझी बायल घेय."

"मग ह्यांचा पण माणूस करा."

मामांनी हातातल्याच गोळ्याला आकार दिला. काखेत एक छोटा गोळा आला, ते बाळ. मला लाजेने कुठे बघू झालं. त्यांनी तो माणूस, म्हणजे मी, उंबऱ्याच्या आत ठेवला, अगदी मधोमध.

मॅडमनी तो उचलला आणि उंबऱ्याबाहेर ठेवला.

मामांचं तोंड बदललं. "बाई, ती घरची सून. ती भायर कशी?"

मी एकदम उभी राहिले. मला वाटलं, झालं, आता परत आत जाणार हे. आणि ही चूक माझी, उंबरा ही चौकट असं मीच मांडलं होतं ना. मॅडम मात्र गडबडल्या नाहीत, खाली मातीवरच बसल्या, साडीसकट.

"काका, चौकट म्हणजे तुमचं घर नव्हे. ते वहिनींनी सोयीसाठी मांडलं. चौकट म्हणजे फक्त ते मशीन, तो कॉम्प्युटर. त्याच्या आत माणूस कोणीच नाही. वहिनी बाहेर, कंडक्टर बाहेर, पाटवाली बाहेर. तुम्ही पण बाहेर."

"मी पण भायर?"

"तुम्ही पण."

"मगे आत माती कोण लायता?"

"आत माती नाहीच. आत फक्त कुठला पाट कुणाचा, कुणी आणला, कुणाचा थांबलाय, एवढं. गणपती तुम्ही बाहेरच करणार."

मामांनी उंबऱ्याबाहेरच्या माणसांकडे एकेक करून बघितलं. मला त्या दिवशीच कळलं की ते नुसते पाटावरच्या चिठ्ठ्यांमुळे आणि रद्दमुळे रागावले नव्हते. त्यांना वाटत होतं की ही चौकट म्हणजे चित्रशाळाच, आणि तिच्यात त्यांच्या लेकीने त्यांना मालक म्हणून कोपर नसलेली एक काठी करून ठेवलंय. आतलं काम सगळं ते मशीन करणार.

"म्हणजे मशीन गणपती करणा नाय," ते म्हणाले.

"नाही हो बाबा!" नणंद जवळजवळ ओरडली. "कोणी सांगल्यान तुमका?"

"तूच. चौकटीत 'मूर्ती' लिवलेला."

त्यांनी शेवटचा गोळा घेतला. स्वतःला करायला त्यांना अजिबात वेळ लागला नाही, दोन दाब, एक टोपी, गुडघे वर. आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने बाहेर ठेवला, माझ्या बाजूला. बाळाने हात लांब केला आणि कंडक्टरचं डोकं उपटून तोंडात घातलं. मी बोट घालून काढलं. मामा म्हणाले, "राहूंदे, त्येचा तोंड बंद झालेला बरा."

नवं चित्र नणंदेने घरात मेजावर काढलं. मी बाजूला उभी. डावीकडे आणणारा, पाटवाली, शेजारी. उजवीकडे मूर्तिकार आणि "पाट घेणारी". चौकटीत पाट घेणे, पाट पोचल्याचा निरोप, पाट कोणाचा ते सांगणे, पाट थांबवून ठेवणे. नवसाची तुटक रेघ. पाट घेताना तो कोणाचा हे विचारायचंच, आणला कोणीही असो, म्हणून तिथे इनक्लुडचा बाण. नणंदेने तो बाण काढला तेव्हा मी म्हटलं, "तांदूळ धुवचे," आणि ती म्हणाली, "धुवचेच." प्रत्येक काठीच्या माणसाला तिने एक बारीक कोपर काढलं. मॅडम म्हणाल्या, परीक्षेच्या प्रतीत हे कोपर नकोत, तेव्हा बाहेरचे सर येतात, ते मला विचारतील. पण आजच्या कागदावर राहू दे.

मामांनी सही केली. बोटाची माती कागदाच्या कडेला लागली. नणंद पुसायला गेली तर मॅडमनी तिचा हात धरला. मामा पेन परत देताना मॅडमना म्हणाले, "बाई, पास करा हिका."

"मी चित्र बघून सही घेतली, काका. पास ती स्वतःच होईल."

"तसा न्हय. माका म्हणूचा आसा की..." आणि थांबले. मामांना असं बोलता येत नाही. मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "गो, बाईंक उंडे दी, सकाळी पोदेर देवन गेलो ते. भुकेले असतले." मी डब्यातले पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, पाव काढले, गरम केले, तूप लावलं. मॅडमनी दोन खाल्ले. मला एवढं बरं वाटलं की मी तिसरा पण वाढला, विचारलं नाही.

सोमवारी नणंद पहिल्या बसने गेली, कागद वळकटी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी दिवसभर काम केलं आणि दिवसभर घाबरले. काय काय नको ते डोक्यात आलं. मॅडम आजारी पडल्या असतील, कॉलेजातल्या कोणी सरांनी मातीचा डाग बघून कागद फेकला असेल, बस बंद पडली असेल. एक पाट आला, मी विचारलं, "कोणाचो?" आणणारा म्हणाला, मामाचा, म्हणजे त्याच्या आईच्या भावाचा, तळ्यापलीकडचा. मी ते तोंडात घोळवत ठेवलं मामांना सांगायला.

ती दुपारी आली. बसमधून उतरली, चेहऱ्यावरून काही कळेना. माझ्या काखेतून बाळ घेतलं, त्याच्या मानेत नाक घातलं आणि म्हणाली, "वयनी, जेवूक काय आसा? सकाळपासून पोटात काय नाय."

मी ताट वाढलं. माशाचं हुमण, भात, कैरीचं लोणचं. ती जेवायला लागली, मोठे मोठे घास. मी विचारलं नाही. नापास झालेलं माणूस असं जेवत नाही, मला ठाऊक आहे, मी झालेय.

मामा चित्रशाळेतून आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. हात कोपरापर्यंत मातीचे. तिला जेवताना बघत राहिले, ती दुसऱ्यांदा भात घेईपर्यंत.

"फुडच्या आठवड्यात तुझ्या कॉलेजात सोडतत काय गो माका?" ते म्हणाले. "ती मशीन बघूचा आसा. भायरसून."